देह कोणाचा?

सोलापूर हे विणकरांचे गाव. मागांचा खडखडाट पूर्वीइतका कानी पडत नसला, तरी चादर म्हटले की सोलापूरच आठवते. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पहिल्या वर्षात शिकत आहे. एका रविवारी मिस्सानंतर ती म्हणाली, "फादर, आमच्या पुस्तकातही विणकामच आहे." पेशींच्या समूहास मराठीत 'ऊती' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी विणण्याचाच अर्थ आहे. 'टिश्यू' हा शब्दही विणलेल्या वस्त्रावरूनच आला. ऊतीचा केसाहून पातळ काप घेऊन तो रंगवितात. त्यासाठी लागणारे हिमॅटॉक्सिलीन ज्या झाडाच्या लाकडातून मिळते, त्याच लाकडाने पूर्वी कापडही रंगवीत. १३९व्या स्तोत्राचा कर्ता मातेच्या उदरातील आपल्या घडणीकडे पाहताना देवाला विणकरच मानतो, हे आम्हांस आठवले.

परंतु तिचा खरा प्रश्न पुढेच होता. "ज्या देहांवर आम्ही शिकतो, त्यांना कोणी विचारले होते का?"

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. काहींनी हयातीतच देहदानाचा अर्ज भरलेला असतो. काहींना मात्र कोणीच विचारलेले नसते. बेवारस देह १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यान्वये महाविद्यालयास देता येतो. फलाटावर, रस्त्याकडेला अथवा रुग्णालयाच्या खाटेवर मरण आले आणि न्यायला कोणी आले नाही, एवढीच त्यांची संमती!

देह उघडून पाहणे हेच पाप, असे काही भाविक समजतात. ते खरे नाही. १२९९ साली पोप आठवे बोनिफेस यांनी, दूरदेशी मेलेल्यांची शरीरे उकळून अस्थी मायदेशी नेण्याची प्रथा निषिद्ध ठरविली. तो आदेश पुढे शवविच्छेदनावरील बंदी म्हणून चुकीने वाचला गेला. हृदय हा स्नायू आहे हे दाखवून देणारे नील्स स्टेनसेन १६६७ साली कॅथोलिक झाले, पुढे बिशप झाले आणि १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार शास्त्रीय संशोधनासाठी शवविच्छेदन नैतिकदृष्ट्या चालू शकते; मृतदेहाचा आदर मात्र राखलाच पाहिजे.

एवढे सर्व ठाऊक असूनही आम्ही एकदा कच खाल्ली. धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेने देहदानाची इच्छा आमच्यापाशी बोलून दाखविली. "पाहू या, बाई," एवढेच आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. "फादर, नोव्हेंबरात आईसाठी मेणबत्ती कुठे लावायची?" त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही त्याला धीर दिला आणि विषय तेथेच मिटविला.

त्याच्या प्रश्नाला आम्ही आजही क्षुल्लक म्हणणार नाही. ज्या देहाने आपल्याला कुशीत घेतले, तो केवळ वस्तू नव्हे. बाप्तिस्म्याचे पाणी त्याच देहावर पडले, ख्रिस्तशरीर त्याच जिभेने स्वीकारले. म्हणूनच आपण त्याचे दफन करतो. परंतु पुनरुत्थान कबरीवर अवलंबून नाही. सिंहांच्या तोंडी गेलेल्या रक्तसाक्ष्यांना देव विसरलेला नाही. ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनास परवानगी दिली, तीही याच विश्वासाच्या आधारे. योगायोगाने त्याच साली हे महाविद्यालय सुरू झाले. देह समोर नसतानाही अंत्यविधीचा मिस्सा अर्पण करता येतो.

मग उरते ती आपली भावना. तिचा मान राखावा. पण तिची किंमत कोण देतो, हेही पाहावे. आपल्याला ताप आला की डॉक्टर हवा, मुलाच्या पोटात दुखले की कुशल शल्यविशारद हवा. त्याचा हात कोणत्या तरी देहावर तयार झालेला असतो. आपण आपले देह जपून पुरायचे आणि शिकण्यासाठी मात्र निराधाराचाच देह वापरायचा, तर आपल्या भावनेचे ओझे गरिबानेच वाहिले. मृतांस मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्या देहावर आपले आरोग्य उभे आहे!

प्रत्येकाने देहदान केलेच पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. दान सक्तीचे झाले की ते दान उरत नाही. ज्यांच्या मनात हा विचार येईल, त्यांनी घरच्यांशी वेळीच बोलावे. मृत्यूनंतर निर्णय त्यांच्याच हाती असतो. महाविद्यालयात आधी चौकशी करावी, आणि अवशेषांची व्यवस्था आदराने होईल ना, हेही विचारून घ्यावे.

त्या मुलीला आम्ही विचारले, "तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशी शपथ घेतली, फादर. आमचे सर शवाला पहिला गुरू म्हणतात. पण या गुरूचे नाव आम्हांला ठाऊक नाही."

येत्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही एक मिस्सा त्या नाव नसलेल्या गुरूंसाठी अर्पण करणार आहोत. त्या परिचारिकेच्या घरीही आम्ही पुन्हा जाणार आहोत. "पाहू या" हे उत्तर नव्हते.