बांधलेले मांजर

म्हातारे मांजर खाणे सोडते, वाळत जाते, हिरड्या पांढुरक्या पडतात. पिंपरी-चिंचवडच्या चाळींत आणि चाकणच्या कामगार वस्त्यांत यावर निदान एकच: "वय झालं." ते कधी खरेही असते, पण कधी तो ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग असतो. मग ज्या घरात बापाच्या रात्रपाळीवर मुलांची फी जेमतेम भागते, तिथे मांजरावर खर्च करणे इसराफ की फर्ज?

आधी रोगाचे पाहू. मांजरांना ल्युकेमिया देणारा विषाणू १९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. तो लाळेतून पसरतो, माणसाला मात्र लागत नाही. (हे मोहल्ल्यात मुद्दाम सांगावे, भीतीपोटी मांजर पोत्यात घालून लांब सोडणारे आम्ही पाहिले आहेत.) त्याची तपासणी थोड्याशा रक्तावर होते. म्हातारपणी विषाणू नसतानाही हा रोग होतो. तेव्हा रक्तपेशी मोजाव्या लागतात, कधी भूल देऊन हाडातला मगजही तपासावा लागतो. रोग संथ असेल तर क्लोराम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर मांजर वर्षभर, कधी अधिकही जगते. तीव्र असेल तर औषधांनी फारसे काही साधत नाही. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नये, मांजराला ती विष आहे.

एका बाईने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही, म्हणून ती जहन्नममध्ये गेली, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. आपण ती भुकेपाशी थांबवतो. आम्हाला त्यातली दोरीही महत्त्वाची वाटते. खाटेखाली दडलेल्या जिवाला ओढून दर आठवड्याला सुईसाठी नेतो, ते त्याच्यासाठी की आपल्याला विरह सोसवत नाही म्हणून? उलट, एका तपासणीचे पैसे वाचवायला "अल्लाहची मर्जी" म्हणणे, हीही दोरीच.

आमच्या मते पहिली तपासणी, वेदना कमी करणारे औषध, पाणी आणि ऊब हा त्या जिवाचा हक्क आहे, त्यापुढचे ऐपतीवर. त्रास संपवण्यासाठी मरण द्यावे का, यावर उलेमांत मतभेद आहेत. असह्य वेदनेत आमचे मन परवानगी देणाऱ्यांकडे झुकते.

ते कधी, हे मांजरच दाखवते. ते अंग चाटायचे थांबले, हाक मारूनही वाटीकडे येईना, तर डॉक्टरांना पुढची गोळी विचारण्याआधी हे सांगावे.