वाढ आणि मर्यादा

अपरिग्रह हा जीवनाच्या ओढीविरुद्ध जातो, असा आक्षेप जुनाच आहे. बुऱ्हाणपूरच्या केळीकडे पाहिले की तो पटत नाही. ऊतिसंवर्धनात केळीला फुटवे यावेत म्हणून सायटोकायनिन गटातले संप्रेरक देतात. वनस्पती मात्र आपले सायटोकायनिन ‘सायटोकायनिन ऑक्सिडेज’ या विकराने स्वतःच मोडते. संप्रेरक वाढले की पुष्कळदा विकरही वाढते. म्हणजे वाढीच्या पोटातच मर्यादेची तजवीज आहे. कुणी म्हणेल, हे विकर कमी असलेल्या भाताला दाणे जास्त येतात, हे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले; मग मर्यादा हा तोटाच नव्हे का? पण लोंबी जड झाली की ताट लोळते. म्हणूनच त्यांनी त्या वाणात बुटकेपणाचे जनुकही आणले. झाडाला इच्छा नाही, तेव्हा संयमाचे पुण्य त्याच्या नावावर मांडता येणार नाही, हे मान्य. माणसाला इच्छा आहे; म्हणून जबाबदारीही त्याचीच.