वंशवृक्षात 'आई' म्हणून कोणाचे नाव?

मे महिन्याच्या सुट्टीत मुले संगणकावर घराण्याचा वंशवृक्ष मांडायला बसतात. आजोबा, पणजोबा, स्नानसंस्काराची तारीख असे करता करता कुठेतरी हात थांबतो. धाकट्या काकांना वाढवले आत्याने, जन्म देणारी आई निराळी. मग 'आई' म्हणून नाव कोणाचे घालायचे? वडीलधारी माणसे घाईने म्हणतात, "राहू दे, ते नको घालू."

संगणकाला यात काही अवघड नाही. 'ग्रॅम्प्स' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुलाचे आईशी नाते कोणते आणि वडिलांशी कोणते, हे वेगवेगळे नोंदवता येते : जन्माचे, दत्तक, सावत्र, सांभाळलेले. एका मुलाला दोन कुटुंबांशीही जोडता येते. अडते ते आपल्याच मनात.

प्रभू येशूच्या वंशावळीत संत मत्तय योसेफाच्या वडिलांचे नाव याकोब देतो, तर संत लूक एली. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक युलियस आफ्रिकानस याने त्याचा उलगडा असा केला : हे दोघे एका आईचे, पण वेगळ्या वडिलांचे भाऊ. एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केले. म्हणून योसेफ रक्ताने याकोबाचा आणि नियमशास्त्राने एलीचा. सर्वच अभ्यासकांना हे पटत नाही. पण एका माणसाला दोन वडील लिहिताना आफ्रिकानसला संकोच वाटला नाही. मत्तयानेही तामार, राहाब, उरीयाची बायको यांना गाळलेले नाही.

आपल्याकडे तर कागदानेच पुष्कळांना बाहेर ठेवले. हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा १९५६ साली झाला. ख्रिस्ती जोडप्यांना मात्र १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता येई, आईवडील नाही. बालन्याय कायदा (२०००) आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी ही वाट मोकळी केली. तोवर किती मुले घरात मुलगा म्हणून वाढली आणि कायद्याने कोणीच नव्हती! कागद नाही म्हणून अशांना वंशवृक्षातून गाळणे हा आमच्या मते अन्यायच आहे.

मग सगळेच उघड लिहावे काय? येथे चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८७७ वे कलम पाहण्यासारखे आहे. अविवाहित मातेचे नाव स्नानसंस्काराच्या वहीत केव्हा लिहावे? तिचे मातृत्व जाहीरपणे सिद्ध असेल तेव्हा, किंवा ती स्वखुशीने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर तसे मागेल तेव्हा. शेजारणीला ठाऊक आहे, एवढे कारण पुरत नाही.

ग्रॅम्प्समध्ये एखादी नोंद 'खाजगी' ठेवता येते, आणि वंशवृक्ष छापताना ती वगळताही येते. तेव्हा खरे नाते लिहून ठेवा, पण छापण्याआधी ज्यांचे ते आहे त्यांना विचारा. ती माता हयात असेल तर आधी तिच्यापाशी जाऊन बसा. आणि काकांना अजून कोणी सांगितले नसेल, तर लग्नाच्या ज्युबिलीला हॉलमध्ये लावलेल्या तक्त्यावरून त्यांना ते कळू नये.