शेंदराखालचा दगड

(झाशीतला एक जुना मराठी वाडा विकला जाणार आहे. अंगणात कडुनिंबाखाली शेंदूर माखलेला दगड. पुढे त्याचं काय करायचं?)

आजोबा : बेतवेत विसर्जन करू. पूजा होणार नसेल, तर देव उघड्यावर ठेवू नये.

नात : त्यापेक्षा शेंदूर काढून संग्रहालयाला देऊ या ना, आजोबा.

आजोबा : बुंदेलखंडात दगडांना काय तोटा?

नात : तोटा नाही, मग पूर्वजांनी हाच का उचलला? असाच एक निवडलेला दगड फार जुना आहे. मध्य प्रदेशातल्या सीधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात बाघोर आहे. जी. आर. शर्मा आणि डेस्मंड क्लार्क या पुरातत्त्वज्ञांच्या चमूला तिथे वालुकाश्माच्या तुकड्यांचा गोल चौथरा मिळाला आणि एका त्रिकोणी दगडाचे तुकडे. जोडल्यावर वीतभरही भरत नाही, पण अंगावर एकात एक रंगीत त्रिकोण, निसर्गानेच उमटवलेले. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचा.

आजोबा : ती देवी होती, हे कोणी सांगितलं?

नात : आसपासच्या कोल-बैगा आदिवासींच्या पूजेवरून तसा तर्क केला. तसले दगड ते आजही चौथऱ्यावर मांडतात, माई म्हणतात.

आजोबा : आजच्यांचा जबाब त्या अश्मयुगातल्या माणसाच्या तोंडी घालायचा? त्याला दगडात जीव दिसला, की नुसता रंग आवडला?

नात : ते सिद्ध होणार नाही. म्हणून तर त्या चमूच्या १९८३च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. निवडला, मांडला, एवढं मात्र दिसतं.

आजोबा : आणि कोलांनी पूजा सोडली असती तर?

नात : तर तो एक रंगीत तुकडा राहिला असता.

आजोबा : मग आपला देव काचेत का घालतेस? शेंदूर खरवडलास, तर पिढ्यान्‌पिढ्यांचं करणंच पुसलं जाईल.

नात : पटलं. थर हाही पुरावाच. पण नदीत टाकला, तर दगडासोबत त्याची हकिकतही बुडेल. इतिहासकार दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपास शेंदऱ्या देवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली. तिथेच त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी पाती मिळाली. देव जागचे हलले असते, तर ही सांगड कशी लागली असती?

आजोबा : नव्या मालकाशी बोलतो. कडुनिंबापुरती जागा सोडतो का बघू.

दोघांच्या भांडणात मी जागेच्या बाजूचा. अश्मयुगातल्या माणसाच्या मनात शिरायची दुसरी वाट फारशी नाही. जी आहे ती अशा अंगणांतून जाते. तुमच्या दारचा देव हलवावाच लागला, तर आधी लिहून ठेवा : तोंड कोणत्या दिशेला, शेंदूर कोण लावतं, कोणत्या दिवशी, नैवेद्य कशाचा. आणि शेंदूर खरवडू नका.