कुत्र्यासाठी रडावे काय?

वाचक माऊलींनो, प्रश्न पुष्कळांस हलका वाटेल. पण तो माझ्या घरात येऊन बसला आहे, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

नऊ वर्षांमागे आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी एक कुत्रे आमच्या दिंडीच्या मागे लागले. हाकलले तरी जाईना. फलटण, नातेपुते, वेळापूर करीत पंढरपुरापर्यंत चालले आणि परतीच्या ट्रकात आमच्या आधी चढून बसले. त्याचे नाव मोत्या ठेवले.

गेल्या कार्तिकात त्याने एकाएकी अन्न सोडले. अंगात ताप, हिरड्या पांढऱ्या, मागचे पाय लटपटलेले. गुरांच्या डॉक्टरांनी गोचीडतापाचा संशय धरून इंजेक्शने दिली, रक्त तपासले. पण निदान लागले नाही. तिसऱ्या दिवशी मला आळंदीस निघायचे होते. वद्य एकादशी मी कधी चुकवलेली नाही. मी निघालो तसे ते उठू लागले, पण उठवेना. ‘पड तू, आलोच मी,’ असे म्हणून मी पताका खांद्यावर टाकली. त्रयोदशीला समाधीचे कीर्तन चालू असता मुलाचा फोन आला, मोत्या गेला.

परत आल्यावर आठ दिवस मी देवळात हरिपाठास गेलो नाही. तेव्हा एक जुने सोबती घरी येऊन म्हणाले, “अरे, माळकरी ना तू? कुत्र्यापायी हरिपाठ बुडवतोस? जडभरताचं काय झालं, विसरलास होय?” दुसरे म्हणाले, “प्रारब्ध त्याचं. सुटला बिचारा.”

जडभरताचा दाखला खोटा नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात ती कथा आहे. भरत राजाने पाण्यात पडलेले हरिणाचे पाडस वाचवले, त्यातच मन गुंतवले, नित्यनेम सोडला आणि पुढचा जन्म हरिणाचा घेतला. पण नीट पाहा. पाडसाला पाण्यातून काढले हा त्याचा दोष नव्हे. ‘माझे, माझे’ करता करता भजन सुटले, हा दोष. म्हणजे सोबत्याचे बोलणे अर्धे खरे. हरिपाठ बुडवला ही माझी चूकच. पण डोळ्यांत पाणी आले ती चूक नव्हे.

रडणे वारकऱ्याला शोभत नाही असे कोणी म्हणेल, तर आळंदीचाच सोहळा आठवावा. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये माउलींनी समाधी घेतली, तेव्हा निवृत्तिनाथांसारख्या गुरूचाही धीर सुटला, असे नामदेवराय आपल्या अभंगांत सांगतात. ज्ञान्यांचा राजा जिवंत समाधी घेतो, त्यात मरण कसले? तरीही संत रडले. ज्ञान असले म्हणजे गळा दाटत नाही, असे कोठेही नाही.

आता प्रारब्धाचे. आजाराचे कारण कळले नाही की आपण चटकन प्रारब्ध म्हणतो आणि मोकळे होतो. अहो, कारण आपल्याला कळले नाही, एवढेच त्यातले सत्य आहे. त्या जिवाच्या पूर्वकर्माचा हिशेब आपल्याजवळ कोठे आहे? उलट कारण अज्ञात असेल तर सावधपणा अधिक हवा. सुनेने मोत्याच्या तोंडात हाताने पाणी घातले होते. डॉक्टरांनी तिला हात साबणाने खूप वेळ धुवायला लावले आणि पिसाळीची लस घ्यायला सरकारी दवाखान्यात पाठवले. तिने सगळ्या सुया वेळेवर घेतल्या. प्रारब्ध म्हणून ती बसून राहिली नाही, हे बरे झाले.

पण माझे खरे दुखणे वेगळेच आहे. स्वर्गाच्या दारी धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला टाकले नाही. इंद्राने विचारले, भावांना आणि द्रौपदीला वाटेत टाकलेस, मग याला का नाही? धर्मराजाच्या उत्तराचा भाव असा की, ती मेल्यावर माझ्या हाती काही उरले नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. हे वाक्य मला म्हणता येत नाही. मी जिवंतपणीच सोडून गेलो. रामेश्वराकडे चाललेली गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली. मी मात्र देवाचे नाव पुढे करून चालता झालो. सून सांगते, अंगणात पाऊल वाजले की मोत्या मान उचलून पाहत असे.

मी थांबलो असतो तर तो वाचला असता काय? डॉक्टर म्हणतात, नाही. पण तो प्रश्नच नव्हे. नेम चुकवणे थोर की मुका जीव एकटा टाकणे थोर, हे मी त्या सकाळी स्वतःला विचारलेच नाही. विचारून गेलो असतो तर निदान गेलो कशासाठी हे मला ठाऊक असते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. अशा शोकात मोह किती, प्रेम किती आणि पश्चात्ताप किती, हे ज्याचे त्याने निवडून पाहावे. मोह नामस्मरणाने उतरेल. प्रेम राहू द्यावे. पश्चात्ताप मात्र नुसता रडून फिटत नाही. पुढच्या जिवाच्या वेळी थांबावे लागते.

मी पुन्हा हरिपाठास जाऊ लागलो आहे. घरातून निघताना चतकोर भाकरी हाताशी घेतो. देवळाच्या पारावर एक लंगडे कुत्रे बसते. ते भाकरी खाऊन होईपर्यंत मी टाळ हाती घेत नाही. पहिला अभंग कधी कधी चुकतो.

राम कृष्ण हरि.