बोटाचं बोलणं

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत आजीच्या कडेवर वर्षाचं लेकरू होतं. लाकडी नंदी दिसताच त्यानं बोट दाखवलं आणि लगेच वळून आजीच्या डोळ्यांत पाहिलं. “हो बाप्पा, नंदी आला!” आजी म्हणाली. मला ते वळून पाहणं फार मोलाचं वाटतं. ‘तुलाही दिसला ना?’ हे लेकरानं एकाही शब्दाविना विचारलं होतं. साधारण 9 महिन्यांपासून बाळं आपल्या नजरेमागे नजर नेऊ लागतात, हात उंचावून ‘घे’ म्हणतात, टाटा करतात. दीड वर्षाचं बाळ बोटानं काहीच दाखवत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना भेटा.

आजीनं नंदीची दोरी लेकराच्या मुठीत दिली. त्यानं पुन्हा बोट उचललं, पुढच्या नंदीकडे.