देवाच्या नावावरचे रान

भीमाशंकरी येणाऱ्या यात्रेकरूची दृष्टी ज्योतिर्लिंगावर, नाना फडणिसांच्या काळच्या शिखरावर आणि वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी अर्पण केल्याचे सांगतात त्या पोर्तुगीज घंटेवर खिळावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु मंदिराच्या सभोवार सह्याद्रीच्या माथ्यावरील जे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे रान सरकारने १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर केले, त्या मुलखातील देवराया सरकारी हुकुमाच्या कितीतरी आधीपासून देवाच्या भयाने राखलेल्या आहेत. अशा भयापोटी घडलेल्या राखणीला धर्म म्हणावे काय?

भय भक्तीहून हीन, असे मानण्याचा प्रघात मला मान्य नाही. हिरडा वेचून येणाऱ्या पैशांवर ज्याच्या संसाराची बरीचशी मदार, त्या महादेव कोळ्याने राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलू नये, आणि तीही कोणी पाहत नसताना, हे केवळ दंडाच्या धाकाने होत नाही. ज्या मिळकतीचा धनी देव, तिथे आपली वहिवाट चालत नाही, ही जाणीव जिथे अंतःकरणात मुरते, तिथे भय आणि आदर यांची सरहद्द कोठे आखावी? ही पूजा काही करण्याची नव्हे, न करण्याची आहे.

तिचे फळ मात्र पूजकाच्या पदरी पडत नाही. उंबराच्या फांदीला मागचे पाय रोवून, तांबूस अंग खाली सोडून, पुढच्या पंजांत धरलेले फळ फिरवीत कुरतडणारे शेकरू ते भोगते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. झाडाला झाड भिडलेले असेल तोवरच त्याची वाट, आणि मधली दोन झाडे पडली की ती खुंटली. घरटेही ते बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधते, एक नव्हे, अनेक.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाच या राया झपाट्याने तुटत होत्या. उघड्यावरच्या तांदळ्याला पक्के देऊळ हवे, म्हणून त्याच्याच राईतले वृक्ष विकून जीर्णोद्धार करण्याचे प्रकारही घडले आहेत. त्यामागची श्रद्धा मी खोटी म्हणणार नाही. पण पेरणीपासून सोयरिकीपर्यंत प्रत्येक गोष्टीला देवाचा कौल घेणाऱ्या गावाने छपरासाठी कुऱ्हाड उचलण्यापूर्वीही तो घ्यावा, आणि कौल डावा आला तर देवाला उन्हापावसात, त्याच्या झाडांखालीच राहू द्यावे.